हौदा कुणी झाडायचा?

फाळका खाली पडला की आधी आवाज होतो. मग वास येतो. मग एक नाव पुकारलं जातं. ते नाव माझं असतं.

हा क्रम कधी चुकला नाही. दोन वर्षं मी हे मोजलंय. आवाज, वास, नाव. शाळेत प्रार्थना असते तसं.

मी कराडचा. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन जिथं एक होतात त्या गावचा. नद्या एक होतात. वस्त्या होत नाहीत. दहावी झालो. पुढं शिकायचं होतं, पण घरात खाणारी तोंडं सहा आणि कमावणारा हात एक. मग भाजीच्या ट्रकवर चढलो, किन्नर म्हणून. पुस्तकात त्याला क्लीनर म्हणतात. आता न्हावा शेव्याला, बंदराबाहेरच्या एका कंटेनर गोदामात डॉकवर हमाली करतो. कंत्राटी. आज आहे, उद्या नाही. रात्री कविता लिहितो, म्हणून ह्या पानांवर जागा मिळाली. पण आज कविता नाही. आज हौद्याचा हिशोब आहे. ज्यांना वासाचा त्रास होतो त्यांनी पान उलटावं.

दोस्तांनो, तुम्ही शहरातले. तुमच्या ताटात फ्लॉवर येतो, टोमॅटो येतो, चहात आलं येतं. ते आलं आमच्या सातारा जिल्ह्यातलं असायची शक्यता मोठी. ते कराडच्या आजूबाजूच्या रानातून निघतं, संध्याकाळी ट्रकमध्ये चढतं, खंबाटकीचा घाट ओलांडतं, सुमारे तीनशे किलोमीटर धावून रात्रीतून वाशीच्या बाजारात उतरतं. ह्या प्रवासावर पुष्कळ लिहिलं गेलंय. शेतकऱ्यावर लिहिलं गेलंय, दलालावर लिहिलं गेलंय, भावावर तर रोजच्या पेपरात येतं. पण माल उतरल्यावर ट्रकच्या हौद्यात काय उरतं, यावर मी एक ओळ वाचलेली नाही.

तर ऐका काय उरतं.

कोबीची पानं उरतात, तुडवलेली, फळीला चिकटलेली. फुटलेल्या टोमॅटोचं पाणी उरतं. ते केबिनच्या मागच्या कोपऱ्यात साचतं आणि तिथं आंबतं. आल्याची माती उरते. ओली असते तोवर चिखल, वाळली की सिमेंट. फळ्यांच्या फटीत मिरच्या अडकतात. एखादं पोतं तळाशी राहून गेलेलं असतं, ते उचललं की खालून पांढऱ्या अळ्या निघतात. आणि फ्लॉवर. फ्लॉवर सडला की त्याला भाजीचा वास येत नाही. मेलेल्या जनावराचा येतो.

हे मी कवितेसाठी म्हणत नाही. पहिल्या आठवड्यात एकदा रात्री घरी आलो. आजा अंधारात बाजेवर पडलेला. त्याला नीट दिसत नाही. मी उंबऱ्यात पाय ठेवला आणि त्यानं मान वर केली. म्हणाला, "कुणाचं ढोर मेलंय रं?"

आई म्हणाली, "आवं, पोरगं आलंय कामावनं."

आजा गप झाला. त्यानं लहानपणी बापाबरोबर गावची ढोरं ओढलेली. तो वास त्याच्या नाकात सत्तर वर्षं राहिलेला. पुढं त्यानं एवढंच विचारलं, "आजून बोलवत्यात व्हय?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी हा लेख लिहून देतोय. होय आजा. अजून बोलावतात. फक्त जनावर बदललंय.

आता काम सांगतो, कारण काम माहीत नसलेले लोकच कामावर प्रवचन करतात. आधी फावड्यानं मोठा घाण-कचरा ओढायचा. मग पत्र्याचा तुकडा घेऊन गुडघ्यावर बसायचं आणि फळीफळीची फट खरवडायची. मग पाणी. पाणी कुठून आणायचं ते तुझं तू बघ. मग खराटा. खालून काळं पाणी गळतं, ते चाकावर, आसावर, तुझ्या पायावर. मग ताडपत्री पसरून धुवायची, वाळवायची, घडी घालायची. ओली घडी घातली तर दुसऱ्या दिवशी ती उघडताना माणूस ओकतो. हे सगळं परतीचं भाडं भरायच्या आत. सिमेंटचं भाडं असलं तर हौदा खडखडीत वाळलेला पाहिजे, नाहीतर पोती फुगतात आणि त्याचे पैसे किन्नरच्या नावावर पडतात. कोंबडखताचं भाडं आलं तर ते उतरवून पुन्हा सगळं धुवायचं, कारण रात्री त्याच हौद्यात तुमचं आलं चढणार.

हातमोजे नाहीत. बूट नाहीत. टोमॅटोचं पाणी हाताच्या चिरांत गेलं की आग होते. मिरचीचं गेलं की त्या हातानं रात्रभर डोळ्याला लावता येत नाही. बसमध्ये शेजारचा माणूस उठून पुढं जातो. तो जातीमुळं उठला की वासामुळं, हे कळत नाही. ह्यातच सगळी गंमत आहे. वासानं जात लपवलेली असते, जातीनं वास चिकटवलेला असतो.

इथं कुणीतरी हात वर करणार. माहीत आहे मला. "अरे बाबा, गाडी झाडणं हे किन्नरचं कामच आहे. जात कुठं आली यात?"

सांगतो कुठं आली.

माझ्या ट्रकचा हौदा मी झाडला. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कामावर होतो, पगार होता, कमी होता पण होता. पण नाक्यावर आमचे पाच-सहा ट्रक उभे असायचे, आणि प्रत्येकाला किन्नर होता. ती पोरं दोर आवळायची, चाकं ठोकून बघायची, काच पुसायची, केबिनमध्ये अगरबत्ती लावायची. आणि ज्या दिवशी त्यांच्या हौद्यात माल सडलेला निघायचा त्या दिवशी कराडातल्या त्या गाळ्यावरचा मुकादम त्यांना बोलवायचा नाही. मला बोलवायचा. दुसऱ्याच्या ट्रकवर, दुसऱ्याच्या घाणीला.

पहिल्या दिवशी त्यानं नाव विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाला, "आडनाव?" ते सांगितलं. मग म्हणाला, "कुठल्या आळीचा?" तेही सांगितलं. तीन प्रश्न. मुलाखत संपली. खराटा हातात आला. माझी दहावीची टक्केवारी त्यानं विचारली नाही.

मी विचारलं, "याचं किती द्याल?"

तो खरंच चकित झाला. रागावला नाही, हे लक्षात घ्या. चकित झाला. म्हणाला, "याचं काय पैसं आस्त्यात व्हय? हौद्यात राहिलेलं तुझं. घिऊन जा घरला."

गाळ्याच्या भिंतीवर दराचा कागद होता. भराई इतकी, उतराई इतकी, तोलाई इतकी. ट्रकवाल्याकडून घ्यायची वाराई इतकी. पोत्याचा दर वेगळा, क्रेटचा वेगळा. काट्यावर पोतं ठेवायला दर, काट्यावरून उचलायला दर. सगळ्या घामाला भाव. फक्त एका कामाला भाव नाही. हौदा झाडायला. त्या कामाच्या पुढं आकडा नाही, कारण ते काम कागदावरच नाही. आणि ते कागदावर नाही, कारण ते करणारा माणूस त्यांच्या मनात मजूर नाहीच. तो आपला गावकीचा माणूस आहे.

हौद्यात राहिलेलं मी घरी नेलं. खोटं बोलत नाही. अर्धी चांगली निघणारी कोबी, दहा-बारा टोमॅटो, मूठभर मिरच्या. आईनं किडकं कापून काढलं आणि कालवण केलं. चांगलं झालं होतं. आम्ही बोटं चाटून खाल्लं. पोटाला लाज नसते, आणि ज्यांची पोटं भरलेली आहेत त्यांनी मला ती शिकवू नये. लाज मला दुसऱ्या गोष्टीची वाटली, आणि ती सहा महिन्यांनी वाटली, जेव्हा आजानं मला मातेऱ्याची गोष्ट सांगितली.

शहरातल्या पोरांना 'मातेरं' हा शब्द वाक्प्रचारातला माहीत. आयुष्याचं मातेरं झालं, वगैरे. मूळचं मातेरं खळ्यातलं. मळणी झाली, धान्य पोत्यात भरलं, मालक घरी गेला की खळ्यावर जे उरतं, दाणे थोडे आणि माती जास्त, ते मातेरं. ते झाडून न्यायचा आमचा 'हक्क' होता. हक्क! खळं झाडायचं काम आमचं, आणि मजुरी म्हणून तीच झाडलेली माती आमची. घरी नेऊन आजी ती पाखडायची, धुवायची, त्यातनं भाकरी काढायची.

आता तुम्हीच सांगा, मुकादम वेगळं काय म्हणाला? झाड, आणि झाडलेलं तुझं. खळ्याच्या जागी हौदा आला. ज्वारीच्या जागी कोबी आली. बैलाच्या जागी डिझेल आलं. मातेरं तेच. दया पवारांचं 'बलुतं' १९७८ साली आलं. तुम्ही ते वाचलंत, त्यावर चर्चासत्रं केलीत, आणि पुस्तक कपाटात ठेवताना तुम्हाला वाटलं की बलुतंही कपाटात गेलं. गेलं नाही. ते हायवेला लागलं.

थोडा इतिहास काढतो. मॅट्रिकवाल्याचा इतिहास आहे, पण तपासून घ्या.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करायचं विधेयक आणलं. चोवीस तास गावाची आणि सरकारची चाकरी, आणि बदल्यात जमिनीचा तुकडा आणि दारोदारची भाकरी. ह्या व्यवहारातून महाराला सोडवायचं होतं त्यांना. मोबदला रोख आणि ठरलेला असावा, मर्जीचा नसावा, हा त्यातला गाभा. सहज झालं नाही. कनिष्ठ वतनं कायद्यानं जायला १९५८ साल उजाडलं. बाबासाहेब तेव्हा नव्हते. म्हणजे तीस वर्षं लागली कागदावरून एक शब्द पुसायला. व्यवहारातून पुसायला किती लागतील याचा हिशोब माझ्या हातातल्या खराट्याला विचारा.

आणि आमच्या कराड तालुक्यातच एक ठिकाण आहे. मसूर. रेल्वेचं स्टेशन आहे. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचा भीमराव भाऊ-भाच्यांसह साताऱ्याहून ह्या स्टेशनात उतरला. वडील गोरेगावला नोकरीवर. न्यायला कुणी आलं नाही, कारण पोरांचं येणं वडिलांना कळलंच नव्हतं. पोरांचे कपडे चांगले, म्हणून स्टेशनमास्तर आधी प्रेमानं बोलला. जात कळली आणि त्याचा चेहरा फिरला. बाहेर बैलगाड्या उभ्या होत्या. एकही गाडीवान न्यायला तयार होईना. गाडी बाटेल! शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि वर अट अशी की पोरांनी स्वतः गाडी हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. ती रात्र त्या पोरांनी पाण्याच्या थेंबावाचून काढली. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय.

मी मसूरवरून ट्रकनं कितीदा गेलोय. प्रत्येक वेळी एकच विचार येतो. तेव्हा आम्ही बसलो तर गाडी बाटत होती. आता गाडी बाटली की आम्हाला बसवतात, आत, गुडघ्यावर, पत्र्याचा तुकडा घेऊन. ह्याला प्रगती म्हणायचं असेल तर म्हणा. दुप्पट भाडं तेव्हा आम्ही देत होतो. आज आम्हाला एकपट मजुरी पण नाही.

साफसफाई त्यांना करता येत नाही असं मात्र समजू नका. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचं पाणी आपण प्यायलो, त्यानंतर त्यांनी ते तळं पंचगव्य ओतून शुद्ध करून घेतलं. त्या वेळी बघा कशी घागरी भरायला, मंत्र म्हणायला, ओतायला सगळी माणसं जागेवर हजर होती. त्या एका सफाईला त्यांनी महारवाड्यात माणूस पाठवला नाही. म्हणजे हात आहेत. कंबर वाकते. फक्त घाण कुठली, यावर वाकते.

आता कायद्याकडं येतो.

१९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. हमालांनी लढून मिळवला. अण्णासाहेब पाटील आमच्याच सातारा जिल्ह्यातले. त्यांनी मुंबईच्या बाजारातला पाठीवर पोतं वाहणारा माणूस उभा केला. पुण्यात बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली. त्या कायद्याला मी नावं ठेवणार नाही. त्यामुळं हजारो घरांत भविष्य निर्वाह निधी, रजा, दवाखाना असले शब्द पहिल्यांदा आले. पण तो कायदा उघडून वाचा. भरणं, उतरवणं, थप्पी मारणं, वाहणं, तोलणं, एवढंच त्यात नाही. ह्या कामांच्या आधीची आणि त्यांना जोडून येणारी कामंही त्यात धरली आहेत. मग हौदा झाडणं हे भराईच्या आधीचं काम नाही? उतराईला जोडून येणारं काम नाही? हौदा साफ नसेल तर माल चढेल का? कायदा करणाऱ्यानं दार उघडं ठेवलं होतं. त्या दारातून आम्हाला आत घ्यायला कुणी आलं नाही. टोळीत नाव नाही, पुस्तकात नाव नाही, बोर्डाकडं नोंद नाही. का? कारण टोळी पाहुण्यारावळ्यांची. हमाल हमाल भाऊ भाऊ ही घोषणा मी पण दिलीय मोर्च्यात. मोर्चा संपला, भाऊ पोत्याकडं गेला, मी खराट्याकडं.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच सांगून ठेवलं की जात कामं वाटत नाही, कामगारांनाच उतरंडीत लावते. हे वाचून आम्ही माना डोलावतो. ते समजायला एकदा बाजाराच्या ओट्यावर उभं राहावं लागतं. एकाच ट्रकला पाच माणसं चिकटलेली असतात, पाचही घामानं थबथबलेली, पाचही गरीब, आणि तरी त्यातल्या एकाला बाकीचे चार हात न लावता पाणी देतात.

एका वकील मित्राला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, १९८२ साली एशियाडच्या बांधकामावरच्या मजुरांचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. तिथं न्यायालयानं सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही घटनेच्या २३ व्या कलमानं बंदी घातलेली सक्तीची मजुरीच आहे, मग पाठीवर चाबूक असो वा नसो. भूक हाही चाबूक आहे. मी विचारलं, आणि काहीच न देता, सडकी कोबी देऊन करून घेतलं तर? तो हसला. मग मी विचारलं, ॲट्रॉसिटीच्या कायद्यात? तो म्हणाला, २०१५ च्या दुरुस्तीत मेलेलं जनावर ओढायला लावणं हा गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिलंय. म्हणजे मेलेलं जनावर कायद्यात आलं. मेलेली कोबी अजून आलेली नाही. आमच्या जातीचा माणूस कोर्टात जाणार आणि सांगणार, साहेब, माझ्यावर फ्लॉवरनं अत्याचार केला. साहेब पण हसतील.

आता बंदराचं सांगतो, कारण तिथं माझे डोळे उघडले.

गोदामावर रिकामा कंटेनर परत येतो. तपासणारा माणूस आत बॅटरी मारतो आणि कागदावर लिहितो, स्वच्छ की घाण. घाण असला की धुलाईचा आकार लागतो. बिल फाटतं, शिक्का बसतो, पैसे भरले जातात. पहिल्यांदा ते बिल बघितलं तेव्हा मी बराच वेळ बघतच राहिलो. च्यायला! म्हणजे घाण काढायला पैसे असतात! ते जगाला माहीत आहे! हे काम आहे, ह्याला नाव आहे, दर आहे, पावती आहे. मग कराडात ते फुकट कसं?

पण घाई करू नका. बिलावरचा आकडा एक आणि माझ्या तळहातावर पडणारा आकडा दुसरा. मधले सगळे कंत्राटदार खातात. आणि धुवायला कुणाला लावायचं याची यादी कंत्राटदाराचा माणूस करतो, आणि ती यादी वाचली की माझ्या आजालाही आडनावं ओळखता येतील. एकदा सडलेल्या फळांचा बंद कंटेनर उघडून मला लगेच आत पाठवलं. सडणारी फळं बंद पेटीतला प्राणवायू खात असतात आणि दूषित वायू सोडत असतात. दारं उघडी टाकून वारा खेळू द्यायचा असतो, मगच आत जायचं असतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. डोकं फिरलं, पाय गेले. एका म्हाताऱ्या हमालानं कॉलर धरून बाहेर ओढलं. कागदावर कंटेनर स्वच्छ झाल्याची नोंद झाली. माझी नोंद झाली नाही. म्हणजे नुसता दर लागून भागत नाही, दोस्तांनो. माणूसही लागावा लागतो हिशोबात.

मग येतात उपदेशक. "कोणतंही काम हलकं नसतं." हे वाक्य मी आयुष्यात कधी खराटा हातात असलेल्या माणसाच्या तोंडून ऐकलेलं नाही. काम हलकं नसतं ना? मग सोमवारी तुम्ही या. मंगळवारी मी येतो. बुधवारी मुकादमाचा पोरगा येईल. शनिवारी शेठ. काम हलकं नाही हे सिद्ध करायचा एवढा सोपा मार्ग असताना तुम्ही व्याख्यानमाला कशाला भरवता?

आणि खरंच ते हलकं नाही. हेही मी सांगतो, कारण मी ते केलंय. आल्याला कंदकूज लागते. ती मातीतून पसरते, बियाण्यातून पसरते. एका रानातली रोगट माती हौद्यात राहिली, त्यावर दुसऱ्याचं बियाण्याचं आलं चढलं, की रोगाला फुकटची गाडी मिळाली. हौदा नीट खरवडून, धुऊन, उन्हात वाळवणारा माणूस शेतकऱ्याचं पीक वाचवत असतो. फवारणीवाल्याला पैसे मिळतात, औषधवाल्याला मिळतात, सल्ला देणाऱ्याला मिळतात. रोग जिथं उतरतो तिथंच त्याला अडवणाऱ्याला सडका टोमॅटो.

आता शेवटचं. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय.

एक दिवस मी नाही म्हणालो. मुकादमानं हाक मारली, मी हाललो नाही. तो दोनदा ओरडला. मी म्हणालो, दर लावा, मग उतरतो. शिव्या खाल्ल्या, नोकरी गेली, पण खराटा उचलला नाही. त्या रात्री मी एक कविता लिहिली. त्यात मी सूर्य होतो, ज्वालामुखी होतो, कायकाय होतो. शहरात ती वाचली, टाळ्या पडल्या. तुमच्यातल्या काहींनी वाजवल्या होत्या.

मग दिवाळीला गावी गेलो. नाक्यावर शेजारच्या वस्तीतलं मातंगाचं पोरगं भेटलं. सतरा-अठरा वर्षांचं. हात कोपरापर्यंत काळे. मला बघून हसलं. म्हणालं, "दादा, तू न्हाय म्हणालास ते लय झ्याक केलंस. सगळी बोलत्यात. पर मग त्येनी मला बोलीवलं."

त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर बरं झालं असतं.

मी सुटलो. हौदा सुटला नाही. मी खाली ठेवलेला खराटा जमिनीवर पडलाच नाही. तो आमच्याच खालच्या पायरीवरच्या हातात गेला. उद्या तो पोरगा नाही म्हणेल, मग बाहेरून पोटासाठी आलेला कुणी परमुलखी उचलेल. एकट्यानं नाही म्हणणं म्हणजे रांगेत एक पाऊल सरकणं. आणि आपण काय करतो? महार म्हणतो मी सुटलो, मातंगाकडं बघत नाही. शिकलेला म्हणतो मी सुटलो, वस्तीकडं बघत नाही. कवी म्हणतो मी सुटलो, आणि त्या सुटकेवर कविता लिहितो. आपल्यातलाच एक कंत्राटदार झालाय. तो जयभीम घालतो आणि तीच यादी वाचतो. ह्या लेखातल्या शिव्या ज्यांना वाटत असेल की फक्त वरच्यांना आहेत त्यांनी पुन्हा पहिल्यापासून वाचावं. मी पण वाचतोय.

म्हणून मला आता कवितेची नाही, दराच्या कागदाची भाषा बोलायची आहे. मागण्या चार आहेत, आणि त्यात क्रांतीचा एकही शब्द नाही.

एक, बाजारातल्या प्रत्येक दराच्या कागदावर हौदा-धुलाई हे काम लिहा आणि त्याच्यापुढं आकडा लिहा. रोख. राहिलेला माल मजुरी धरायचा नाही.

दोन, हे काम करणाऱ्याचं नाव माथाडीच्या नोंदीत घ्या. तो टोळीतला माणूस आहे, गावकीचा नाही.

तीन, बूट, हातमोजे, पाण्याचा नळ. बंद पेटीत दारं उघडून वारा दिल्याशिवाय कुणी उतरणार नाही.

चार, पाळी. टोळीत जेवढी नावं आहेत तेवढ्यांची पाळी. क्रमानं. आडनाव न विचारता.

चौथी मागणी वाचून ज्याच्या पोटात गोळा येईल, त्यानं पहिल्या तिन्ही मान्य केल्या तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पैसे द्यायला ते एक वेळ तयार होतील. वाकायला होणार नाहीत. जात पैशात नसते, कमरेत असते.

आणि तुम्ही, ही पानं लोकलमध्ये वाचणारे दोस्त, तुम्हाला एकच काम सांगतो. पुढच्या वेळी वाशीला, पुण्याला, कुठल्याही बाजारात गेलात तर भाषण करू नका. फाळका पडायची वाट बघा. भिंतीवरचा दराचा कागद वाचा. मग तिथल्या मुकादमाला विचारा, हौदा कोण झाडतो आणि त्याला किती देता. तो चकित होईल. त्याला चकित होऊ द्या. रोज दहा जणांनी येऊन विचारलं की चकित होणं संपतं आणि घाबरणं सुरू होतं.

येत्या हंगामाला मी कराडात येतोय. तो मातंगाचा पोरगा आणि मी, दोघं मिळून त्या गाळ्यासमोर उभे राहणार. फाळका पडेल. आवाज होईल. वास येईल. मग मुकादम एक नाव पुकारेल.

या वेळी आम्ही त्याला यादी वाचायला लावू. सगळी.